आधी चादर उचल

तुझा प्रश्न मी दोनदा वाचला. बीएस्सी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहेस. कॉलेजच्या लॅबमध्ये पुतळ्यावर हेड-टू-टो असेसमेंट, म्हणजे डोक्यापासून पायापर्यंतची तपासणी, केलीस, ४५ मिनिटं लागली, मार्कही चांगले पडले. आता पोस्टिंग मुंबईतल्या एका सरकारी हॉस्पिटलात, मेल मेडिकल वॉर्डात. खाटा ४०, पेशंट ६०च्या वर, उरलेले खाली गादीवर. टॉर्च आणि स्टेथोस्कोप घेऊन पहिल्या पेशंटपाशी उभी राहिलीस, तर स्टाफ सिस्टर म्हणाल्या, ‘ते सगळं पुस्तकात ठेव, आधी टीपीआर (ताप, नाडी, श्वास) घेऊन ये.’ मग ही तपासणी खरोखर कोणी करतं का, करत असेल तर वेळ कुठून आणतं, आणि परीक्षेत क्रम आठवत नाही त्याचं काय करायचं, असे तुझे तीन प्रश्न आहेत.

मी मुंबईतच ३२ वर्षं वॉर्डात काढली, त्यातली शेवटची ९ इन्चार्ज म्हणून. वयाने तुझ्या मावशीएवढी असेन, म्हणून एकेरीत बोलते.

वेळ कमी आहे हे खरंच. पण माझ्या मते तुझा गोंधळ दुसरीकडे आहे. लॅबमध्ये तुला ही तपासणी वेगळं काम म्हणून शिकवली: ट्रे लावायचा, हात धुवायचे, सुरू करायचं, संपवायचं, लिहायचं. वॉर्डात ती अशी सुटी फारशी दिसतच नाही. सकाळच्या स्पंजिंगमध्ये असते, चादर बदलताना असते, ओव्हर घेताना, म्हणजे आधीच्या पाळीकडून पेशंट समजून घेताना असते. पाठ पुसता पुसता पाठ बघून होते. कूस बदलताना माणूस कुठल्या बाजूला कण्हतो ते कळतं. तुझ्या त्या सिस्टरही हे करत असतील. वीसेक वर्षांनंतर हात आपोआप चालतात, बघणाऱ्याला वाटतं नुसतं अंग पुसणं चाललंय. उद्या सकाळी त्यांच्यासोबत स्पंजिंगची ट्रॉली ढकल आणि त्यांचे डोळे कुठे कुठे जातात ते बघ.

किती खोलात जायचं, हे मात्र पेशंटवर ठरतं. नवीन ॲडमिशन, ऑपरेशनहून परत आलेला, बेशुद्ध, आयसीयूतून वॉर्डात पाठवलेला, यांची पूर्ण तपासणी व्हायलाच हवी, त्यासाठी २० मिनिटं कुठूनही काढ. उद्या डिस्चार्ज आहे आणि कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारतोय, त्याचं दोन मिनिटांत होतं. आणि कॅज्युअल्टीत लोकलमधून पडलेला मुलगा आला तर डोक्यापासून सुरुवात करायचीच नाही. श्वासाची वाट मोकळी आहे का, श्वास चाललाय का, रक्त कुठून वाहतंय, हे आधी. ते सावरलं की मग कपडे कापून वरपासून खालपर्यंत बघायचं, आणि मान धरून, चौघांनी मिळून एकदम कुशीवर वळवून पाठही बघायची. समोरच्या जखमांच्या गडबडीत पाठ राहून जाते.

आता माझ्या हाताने सांगते. पुस्तकातल्यासारखं सगळं येणार नाही.

खाटेपर्यंत चालत जायची दहा पावलं फुकट घालवू नकोस. माणूस उशीला टेकलाय की पुढे झुकून दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून बसलाय? तसा बसणारा दमापायी बसतो, त्याला ‘आडवे व्हा, तपासायचंय’ म्हणू नये. वाक्य पुरं करतोय की तीन शब्दांनंतर थांबतोय? सकाळचा चहा-पाव तसाच पडलाय का? कालपर्यंत बडबडणारा माणूस आज भिंतीकडे तोंड करून का झोपलाय?

मग त्याच्याशी बोल, आणि त्याचे शब्द जसेच्या तसे ऐक. मुंबईच्या वॉर्डात ‘गॅस’ हा शब्द फार फसवा आहे. ‘सिस्टर, गॅस चढलाय, काहीतरी द्या’ म्हणणाऱ्याला हात कुठे ठेवतो ते विचार. छातीच्या मधोमध मूठ ठेवत असेल, कपाळावर घाम असेल, जबडा किंवा हात भरून आल्यासारखा वाटत असेल, तर अँटासिड शोधायला जाऊ नकोस, डॉक्टरांना बोलाव आणि ईसीजीचं मशीन खाटेजवळ आण. मधुमेही आणि म्हाताऱ्या बायकांच्या छातीत तर कधी कधी दुखतही नाही, नुसतं गळून गेल्यासारखं वाटतं. उत्तरेकडचा माणूस ‘घबराहट’ म्हणतो तेव्हा तो घाबरलेला असेलच असं नाही, बऱ्याचदा छातीत धडधडत असतं.

टीपीआर घेऊन ये म्हटल्याचा तुला राग आला. पण तपासणीचा सगळ्यांत मोलाचा भाग तोच आहे, आणि तोच सगळ्यांत वाईट केला जातो. कुठल्याही वॉर्डातले चार्ट काढून बघ. अख्ख्या वॉर्डाचा श्वास १८ नाहीतर २०. न्यूमोनियाचे आजोबाही १८ आणि हर्नियाचं ऑपरेशन झालेला पोरगाही १८. कोणी मोजलेलाच नसतो. माणूस बिघडायला लागला की बीपी पडायच्या खूप आधी बहुतेक वेळा श्वास वाढतो, म्हणून तो पूर्ण एक मिनिट मोजायचा. युक्ती जुनीच आहे: मनगट धरून आधी नाडी मोज, मग मनगट न सोडता नजर छातीवर ने. श्वास मोजतेय हे सांगू नकोस, सांगितलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो. मोठ्या माणसाचा शांत असताना १२ ते २० असतो. २४ भरला तर पुन्हा मोज, आणि तेवढाच आला तर लिहून थांबू नकोस, जाऊन सांग. घड्याळ सेकंद काट्याचं घे, मोबाइलवर मोजू नकोस, मध्येच मेसेज येतो.

बीपीबद्दल एकच सांगते, कारण बाकीचं तुला येत असणार. बायकांच्या ब्लाउजची घट्ट बाही वर सरकवून कफ बांधू नकोस. ती बाही स्वतःच दोरीसारखी आवळते. आणि जाड दंडाला छोटा कफ लावला की बीपी उगाच जास्त येतं. ऑक्सिजन मोजायच्या चिमट्याचंही तसंच: थंडगार बोट, नेलपॉलिश, गडद मेंदी, यांनी आकडा बिघडतो. सावळ्या कातडीवर तो कधी कधी असतो त्यापेक्षा चांगला आकडा दाखवतो. आकडा ९७ आणि माणूस धापा टाकतोय, तर माणसावर विश्वास ठेव.

डोक्याकडे येऊ. शुद्ध किती आहे हे मोजायला ग्लासगोच्या दोन न्यूरोसर्जननी १९७४ साली मांडलेलं कोमा स्केल आपण वापरतो. कमीत कमी ३, जास्तीत जास्त १५. पण नुसती बेरीज लिहू नकोस. डोळे, बोलणं आणि हालचाल यांचे आकडे वेगळे लिही, कारण दोन माणसांचे १० अगदी निराळे असू शकतात. भाषेचंही बघ. आमच्याकडे धारावीतून आलेल्या एका आजींच्या केसपेपरवर दोन पाळ्या ‘गोंधळलेल्या’ असं लिहिलं होतं. तिसऱ्या पाळीला तमिळ येणाऱ्या सिस्टर आल्या. आजी व्यवस्थित बोलत होत्या. कधीपासून पाणी मागत होत्या.

डोळ्यांची खालची पापणी खाली ओढ आणि आतला रंग बघ. फिका वाटला तर जीभ आणि तळहातही बघ, एका जागेवरून ठरवू नकोस. कावीळ बघायची तर खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात. रात्री पिवळ्या बल्बखाली कावीळ लपते. नाइटला आलेल्या ॲडमिशनचे डोळे सकाळी पुन्हा बघायचे, ही सवय मला एका जुन्या हाऊसमनने (निवासी डॉक्टरने) लावली, आणि तिने दोन-तीनदा लाज राखली. ओठ निळे आहेत का हे काळ्यासावळ्या माणसात ओठांवर कळत नाही, जीभ बाहेर काढायला सांग.

तोंडाला आपल्याकडे जास्त वेळ द्यायला हवा. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण वॉर्डातली तोंडं उघडून बघितलीस तर ते खरं वाटणार नाही. त्याचीच तीन बोटं उभी तोंडात जातात का ते बघ. जात नसतील तर सुपारी-गुटख्याने गाल आतून ताठ झालेला असू शकतो. टॉर्च मारून गालाच्या आत, जिभेच्या कडांना आणि जिभेखाली पांढरा किंवा लाल चट्टा, न दुखणारा, आठवडेच्या आठवडे न भरलेला व्रण दिसला तर डॉक्टरांना दाखव, मग तो माणूस मलेरियासाठी आलेला असो. तपासणीचं नाव आपण ‘मलेरियाची तपासणी’ असं ठेवत नाही, वरपासून खालपर्यंत ठेवतो, ते याचसाठी. कवळी असेल तर काढून बघ. नाक-कानाला वॉर्डात मी फार वेळ दिला नाही: काही वाहतंय का, ऑक्सिजनच्या नळीने कानामागे काचलंय का, ऐकू येतं का. बास.

मान मागून चाचपायची, दोन्ही बाजूंना एकाच वेळी, बोटांच्या पेरांनी. मुंबईत मानेच्या गाठी म्हटलं की टीबी मनात ठेवायचाच. एकमेकींना चिकटलेल्या, हळूहळू वाढलेल्या गाठी, संध्याकाळचा ताप, सैल झालेला सदरा. निदान आपण करत नाही, पण गाठ सापडली हे सांगणारी पहिली व्यक्ती पुष्कळदा सिस्टरच असते.

छातीला स्टेथोस्कोप कातडीवर लाव, शर्टावर नाही. कापडाची खरखर ही फुप्फुसाची वाटते. डावीकडची जागा ऐकली की लगेच उजवीकडची तीच जागा. पाठीमागून ऐकायला विसरू नकोस, झोपून असणाऱ्याच्या फुप्फुसात खाली, मागच्या बाजूला भरतं. वर पंखा घरघरतोय, शेजारी नातेवाईक भांडतायत, अशा वेळी तुला सगळे आवाज नावानिशी ओळखता येणार नाहीत. या वर्षी एवढंच जमव: दोन्ही बाजू सारख्या आहेत का, आणि कालच्यासारख्या आहेत का.

पोटाचा क्रम वेगळा, हे परीक्षक हमखास विचारतात. आधी बघणं, मग ऐकणं, मग वाजवणं, शेवटी दाबणं. आधी दाबलंस तर आतड्यांची हालचाल बदलते आणि ऐकू येणारं खरं राहत नाही. गुडघे दुमडून घ्यायला सांग, हात चोळून गरम कर. दुखतंय कुठे ते विचार आणि ती जागा सगळ्यांत शेवटी ठेव. दाबताना हाताकडे बघू नकोस, चेहऱ्याकडे बघ. पुरुष ‘काही नाही दुखत’ म्हणतात आणि डोळे मिटून घेतात.

वाजवणं, म्हणजे पर्कशन, मुली टाळतात. अवघड काही नाही. माठ घेताना आपण टिचकी मारून बघतो तसंच आहे. ही पद्धत १७६१ साली ऑस्ट्रियाच्या आउएनब्रुग्गर नावाच्या डॉक्टरने छापून मांडली. तो खानावळवाल्याचा मुलगा, आणि बाप पिंपांवर टिचक्या मारून दारू कुठवर आहे ते बघायचा, त्यावरून त्याला सुचलं असं सांगतात. मला ती टिचकी कामाला आली ती एका रात्री. साधारण सत्तरीचे गृहस्थ, कॅथेटर (लघवीची नळी) घातलेला, रात्री अकरापासून उठून बसायचे, नळ्या ओढायचे, शिव्या द्यायचे. वॉर्डबॉय मामाने हात बांधायला पट्टी आणली होती. झोपेचं इंजेक्शन द्यायचं बोलणं चाललं होतं. मी चादर खाली केली आणि बेंबीखाली हात ठेवला तर टणक गोळा, वाजवलं तर ढप्प. युरोबॅग, म्हणजे लघवीची पिशवी, रिकामी. नळी मांडीखाली दुमडली होती. सरळ केली तर लिटरच्या आसपास लघवी आली आणि आजोबा ‘देव तुझं भलं करो’ म्हणून झोपले. तेव्हापासून कोणी म्हातारा माणूस तळमळतोय म्हटलं की माझा हात आधी ओटीपोटावर जातो.

आता पाठ. इथे मला माझीच चूक सांगायला हवी. शिकत होते तेव्हाची गोष्ट. पॅरालिसिसचा पेशंट, जड अंगाचा, दुपारची पाळी, वॉर्डात मी आणि एक आया मावशी. त्याला वळवायचं म्हणजे दोघींचं काम, आणि मावशी बेडपॅन घेऊन गेलेली. मी चादर नीट केली, चार्टवर ‘त्वचा ठीक’ असं लिहिलं आणि पुढच्या खाटेवर गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी इन्चार्ज सिस्टरनी त्याला वळवलं तर माकडहाडावर कातडी सोलून निघाली होती. त्या मला रागावल्या नाहीत. माझी सही असलेला चार्ट माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, ‘वाच.’ पुढचे कित्येक आठवडे त्या जखमेचं ड्रेसिंग मी केलं, आणि त्याची बायको मला रोज चहा विचारायची. ते जास्त लागलं.

म्हणून ज्याला स्वतःहून कूस बदलता येत नाही त्याची पाठ रोज, प्रत्येक पाळीला बघायची. माकडहाड, दोन्ही टाचा, कंबरेच्या बाजूची हाडं, खांदे, डोक्याचा मागचा भाग. केस असतात म्हणून डोक्याचा मागचा भाग कोणी बघत नाही. पुस्तकात ‘कातडी लाल होते, दाबली तरी पांढरी पडत नाही’ असं लिहिलेलं असतं, सोबत गोऱ्या माणसाचा फोटो. आपल्या पेशंटमध्ये ती लाली दिसत नाही. कातडी थोडी जांभळट किंवा शेजारच्यापेक्षा जास्त काळपट होते. हाताने जास्त कळतं: तो भाग आजूबाजूपेक्षा गरम किंवा थंड लागतो, कडक किंवा पिलपिलीत लागतो, पेशंटला तिथे हुळहुळतं. रंगावर भरवसा न ठेवता हाताचा मागचा भाग लावून बघ. आणि तिथे जोरजोरात चोळून ‘रक्त खेळतं’ करायला जाऊ नकोस, आम्हाला तसं शिकवलं होतं, ते चुकीचं निघालं. दर दोन तासांनी कूस बदलणं आणि टाच गादीपासून अधांतरी राहील अशी पोटरीखाली उशी, एवढं केलंस तरी पुष्कळ आहे.

पायांच्या बाबतीत आपल्या बायका अंगावरच खुणा घेऊन येतात. बांगड्या मनगटात रुतल्यात का, कालपर्यंत फिरणारी अंगठी आज फिरत नाही का. जोडव्यांकडे कोणी बघत नाही. सूज आलेल्या बोटात जोडवं रुततं, आणि मधुमेह असेल तर दुखतही नाही. सवाष्ण बाईचं जोडवं काढायचं म्हणजे रडारड होते, सासूला आधी विश्वासात घ्यावं लागतं. मी नेहमी ते जोडवं गॉजमध्ये बांधून तिच्याच हातात द्यायची. लहान मुलांचा करगोटा पोटावर रुतला असेल तर पोट फुगलंय हे टेप न लावताही कळतं.

सूज बघायची तर नडगीच्या हाडावर अंगठ्याने निदान पाच सेकंद दाबून धर, खड्डा राहतो का बघ. झोपून असणाऱ्याची सूज मात्र पायात नसते, कंबरेच्या मागे जमते. एकच पोटरी सुजली असेल, दुखत असेल, तर दोन्ही पोटऱ्या एकाच उंचीवर टेपने मोज. तीन सेंटीमीटरहून जास्त फरक असेल तर लगेच सांग, आणि त्या पायाला मालिश करू देऊ नकोस. नातेवाईक प्रेमाने तेल चोळायला बसतात आणि आतली रक्ताची गुठळी सुटायची भीती असते.

मधुमेह्याचे मोजे काढायचे, काढल्याशिवाय तपासणी झाली म्हणायचं नाही. बोटांच्या बेचक्यात बघ, तळव्यावर बघ, टाचेच्या भेगांत बघ. दम लागतो म्हणून आलेल्या एका काकांच्या तळव्यात तिसऱ्या दिवशी आम्हाला चपलेचा खिळा सापडला होता. त्यांना तो टोचलेलाही कळला नव्हता. पावलाच्या वरची आणि घोट्यामागची नाडी लागते का ते बघ, सापडली की पेनने फुली मार. पुढच्या पाळीच्या सिस्टरची पाच मिनिटं वाचतात.

तू पावसाळ्यात पोस्टिंगला आहेस, म्हणून हे जास्तीचं. तापाचा पेशंट असेल तर पाण्यातून चालत आला होता का हे विचार, आणि पोटरी हलकेच दाबून बघ. लेप्टोमध्ये, म्हणजे साचलेल्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसमध्ये, पोटऱ्या अशा दुखतात की माणूस ओरडतो, डोळे लालभडक असतात पण चिपडं नसतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतरच्या दिवसांत आमचे वॉर्ड अशा पेशंटनी भरले होते. पोटरी दाबायची सवय मला तेव्हा लागली. डेंग्यूची गंमत उलटी आहे. ताप उतरला की घरचे पेढे वाटायला निघतात, आणि खरी काळजी तेव्हाच असते. ताप उतरतानाच्या एक-दोन दिवसांत पोट दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, थंड हातपाय, वरच्या आणि खालच्या बीपीतलं अंतर २० किंवा त्याहून कमी, यांतलं काहीही दिसलं तर धावत जा. त्या दिवशी त्याची तपासणी कमी नाही, जास्त वेळा करायची.

नळ्यांचा उल्लेख पुस्तकातल्या क्रमात नसतो, मी त्या शेवटी पुन्हा वरून खाली बघते. नाकातून पोटात जाणारी रायल्स ट्यूब, हातातला सलाइनचा इंट्राकॅथ (कधी घातला त्याची तारीख, आजूबाजूला लाल किंवा गरम आहे का), जखमेतलं पाणी बाहेर काढणारा ड्रेन, युरोबॅग जमिनीला टेकलीय का.

एकांताचं तू विचारलं नाहीस, पण पहिल्या आठवड्यात तुला तेच नडेल. दोन खाटांमध्ये हातभर जागा, स्क्रीन वॉर्डात एक, तोही ड्रेसिंगला नेलेला. अशा वेळी पेशंटचीच चादर वापर. जो भाग बघायचा तेवढाच उघडा, बघून झाला की झाक, मग पुढचा. काय करणार आहेस ते आधी सांग आणि ‘बघू का?’ असं विचार. मेल वॉर्डात तू एकटी मुलगी आहेस, तुला अवघडल्यासारखं होईल आणि त्यालाही होईल. मांडीच्या वरचं काही बघायचं असेल तर मामाला किंवा सिस्टरला सोबत उभं कर. यात लाजण्यासारखं काही नाही, नियमच आहे.

परीक्षेतल्या क्रमाबद्दल. पाठ करू नकोस. घरी भावावर, आईवर, आजीवर रोज एकदा मोठ्याने बोलत कर: ‘आता मी डोळे बघते, आता मान.’ आजी असेल तर उत्तम, तिला कोणीतरी तपासतंय याचाच आनंद असतो. मधला भाग विसरलीस तर पुढे गेल्यावर ‘मान राहिली होती, ती आता बघते’ म्हणून मागे ये. मी कॉलेजात परीक्षक म्हणून बसले आहे. मागे येणाऱ्या मुलीचे मी मार्क कधी कापले नाहीत. नाडी न मोजता ७२ सांगणारीचे कापले.

लिहिताना ‘एनएडी’ लिहायचा मोह होईल. त्याचा अर्थ वेगळं काही आढळलं नाही, पण वॉर्डात सगळ्यांना माहीत असतं की बऱ्याचदा तपासलेलंच नसतं. त्यापेक्षा जे बघितलंस तेच चार ओळींत लिही. असं:

‘सकाळी ८.१०. जागे, नाव व ठिकाण बरोबर सांगतात. श्वास २६, पूर्ण मिनिट मोजला, काल २०. उजवीकडे पाठीत खाली आवाज कमी. पोट मऊ. माकडहाडावर रुपयाएवढा काळपट, गरम भाग, कातडी शाबूत. डाव्या टाचेला काही नाही, उजवी टाच प्लास्टरमुळे बघता आली नाही. डॉक्टरांना ८.२० ला सांगितलं.’